परक्या डोळ्यांची मोजदाद आणि घरचा संतोष

(तरुण, आईबाप व शिक्षक ह्यांच्या अभ्यासासाठी पाठ)

ह्या आठवड्याच्या पाठासाठी आम्ही जो विषय घेतला आहे तो दूरदेशीचा नाही. तो आता प्रत्येक घराच्या ओसरीवर येऊन बसला आहे. मोबाइलच्या पडद्यावर जी लहान लहान चलच्चित्रे लोक करितात, पाहतात व एकमेकांस धाडितात, त्यांस 'रील' म्हणतात. आणि अशी चित्रे, फोटो व मजकूर ह्या सर्वांस मिळून हल्ली 'कंटेंट' हे नाव पडले आहे. चिखली, मेहकर, नांदुरा, मलकापूर, कोठेही जा, पारावर, एस. टी.च्या थांब्यावर, कपाशीच्या धुऱ्यावर माणसे मान खाली घालून हेच पाहत बसलेली आढळतात. प्रत्येक चित्राखाली एक आकडा असतो. किती जणांनी पाहिले व किती जणांस आवडले, ते तो सांगतो.

ह्या आकड्याचा दोन गोष्टींवर काय परिणाम होतो, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे. पहिली गोष्ट मनुष्याचे स्वत्व, म्हणजे त्याची स्वतःची आवड, स्वतःचा विचार व स्वतःची रीत. दुसरी गोष्ट त्याचा संतोष. कित्येकांस ह्या दोन निरनिराळ्या बाबी वाटतात. परंतु आमचे म्हणणे असे की दोहोंची हानी एकाच कारणाने होते. आपल्या कामाची व आपल्या जीवनाची किंमत परक्या डोळ्यांच्या संख्येने मोजण्याची सवय जडली, म्हणजे स्वत्वही जाते आणि संतोषही जातो.

१. हे यंत्र कसे चालते

सन २०१६ च्या सप्टेंबरात जिओ कंपनीची सेवा सुरू झाली, व त्यानंतर मोबाइलवरील इंटरनेट इतके स्वस्त झाले की मजुराच्या घरीही ते परवडू लागले. टिकटॉक हे ॲप त्या काळात खेड्यापाड्यांत फार पसरले. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी एकंदर ५९ ॲपांवर बंदी घातली, त्यांत टिकटॉकही होते. परंतु ती जागा रिकामी राहिली नाही. त्याच वर्षी जुलैत इन्स्टाग्रामने भारतात 'रील्स' व सप्टेंबरात यूट्यूबने 'शॉर्ट्स' चालू केले.

हे सर्व आपणांस फुकट मिळते असे वाटते. तथापि व्यापारात फुकट असे काही नसते. फेसबुक व इन्स्टाग्राम ज्या मेटा कंपनीच्या मालकीची आहेत, तिचे जवळजवळ सर्व उत्पन्न जाहिरातींचे आहे. जाहिरात देणारा जे विकत घेतो ते आपले लक्ष व आपला वेळ होय. खामगावच्या बाजारात कापसाची गाडी उभी राहिली म्हणजे माल कोणता व विकणारा कोण, हे शेतकऱ्यास निदान ठाऊक असते. येथे मात्र पाहणारा स्वतःच माल असतो, आणि त्याची त्यास वार्ताही नसते.

माल जितका अधिक वेळ दुकानात राहील तितका नफा अधिक. म्हणून आपणांस धरून ठेवण्याच्या युक्त्या निघाल्या. सन २००६ मध्ये एझा रास्किन ह्या अमेरिकन रचनाकाराने पडद्यावरील पान कधी संपूच नये अशी योजना शोधून काढिली. पुढे त्यास स्वतःलाच तिचा खेद वाटला. पुस्तकाचे प्रकरण संपते, कीर्तन संपते, आठवड्याचा बाजार उठतो. ह्या पानास मात्र शेवट नाही. सन २००९ च्या फेब्रुवारीत फेसबुकने 'लाइक'चे बटण आणिले. त्या दिवसापासून मित्राची पसंती ही आकड्यात मावणारी वस्तू झाली.

२. आकडा आपली आवड कशी बदलितो

कोणी म्हणेल, "आकडा दिसला म्हणून काय झाले? मला जे आवडते ते आवडतेच." ह्याचे उत्तर एका प्रयोगाने दिले आहे. मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स व डंकन वॉट्स ह्या तीन संशोधकांनी तो अमेरिकेत केला व सन २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी अप्रसिद्ध गायकमंडळांची ४८ गीते इंटरनेटवर ठेविली. १४,००० हून अधिक लोकांनी ती ऐकिली व आवडतील ती उतरवून घेतली. काहींस फक्त गीतांची नावे दाखविली. इतरांचे आठ निरनिराळे गट करून, आपल्या गटातील किती जणांनी कोणते गीत घेतले, हा आकडाही त्यांस दाखविला.

निष्पत्ती काय झाली? जेथे आकडा दिसत होता तेथे थोडी गीते फार वर चढली व बाकीची मागे पडली. त्याहून आश्चर्याची गोष्ट ही की आठही गटांत एकच गीत पहिले आले नाही. गीते तीच, परंतु एका गटात जे डोक्यावर घेतले गेले ते दुसऱ्या गटात धुळीत राहिले. फार उत्तम गीत सहसा तळास गेले नाही व फार वाईट गीत सहसा वर आले नाही. पण मधल्या साऱ्यांचे भाग्य प्रारंभी कोणी काय घेतले ह्यावर अवलंबून राहिले. तथापि प्रत्येक ऐकणाऱ्याची समजूत अशीच असणार की आपण आपल्या आवडीने निवड केली.

जो निवडितो त्याची ही गत. मग जो निर्माण करितो त्याची काय होत असेल? एखादा मुलगा आजीकडून ऐकिलेली जात्यावरची ओवी आपल्या वऱ्हाडी बोलीत म्हणून चित्र घालतो. अकरा माणसे पाहतात. दुसऱ्या दिवशी तो चालू गाण्यावर, हजारो जण करितात तेच हातवारे करितो. चारशे माणसे पाहतात. तिसऱ्या दिवशी तो काय करील हे सांगावयास ज्योतिषी नको. त्यास कोणी दटाविले नाही, कोणी मनाई केली नाही. केवळ अकरा व चारशे ह्या दोन आकड्यांनी त्याच्या तोंडातली आजी काढून घेतली. मुलास मात्र वाटते की आता कोठे आपणांस आपली वाट सापडली. जो दाब दिसत नाही त्याशी झगडणेही सुचत नाही; ह्या पद्धतीचा खरा धोका तो हाच.

३. बुलढाण्याच्या एका स्त्रीचे उदाहरण

आता आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. बुलढाण्यात ताराबाई शिंदे नावाच्या बाई होऊन गेल्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे तेथे सरकारी कचेरीत कारकून होते व सत्यशोधक समाजाचे सभासद होते. सन १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेस, आपले नवजात मूल मारल्याच्या आरोपावरून, प्रथम फाशीची शिक्षा सांगितली गेली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून एकंदर स्त्रीजातीवरच दोषांचा वर्षाव होऊ लागला. तेव्हा ताराबाईंनी लेखणी उचलिली, व पुरुषांचे दोष स्त्रियांच्या माथी का मारिता, असा सडेतोड जाब विचारिला. 'स्त्री-पुरुष तुलना' हे त्यांचे पुस्तक १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५०० व किंमत नऊ आणे.

त्या काळी 'लाइक' असते तर ह्या पुस्तकास किती मिळाले असते? टीका मात्र पुष्कळ झाली. जोतीराव फुले ह्यांनी 'सत्सार' ह्या आपल्या नियतकालिकात ताराबाईंची बाजू घेतली. परंतु असे पाठीराखे थोडे. त्यांचे दुसरे पुस्तक झाल्याचे आढळत नाही, आणि हेही पुढे विस्मृतीत गेले. सन १९७५ मध्ये स. गं. मालशे ह्यांनी ते पुन्हा प्रकाशात आणिले, म्हणजे मध्ये नव्वदांवर वर्षे गेली. आज स्त्रियांच्या हक्कांविषयी भारतात लिहिल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते, व इंग्रजीतही त्याचे भाषांतर झाले आहे.

ह्यावरून, ज्यास वाचक थोडे तो ग्रंथ थोर, असा उलटा नियम कोणी काढू नये. थोड्यांनी वाचलेली वाईट पुस्तकेही पुष्कळ असतात. आमचा मुद्दा इतकाच की ताराबाईंनी लिहिताना आकड्याकडे पाहिले नाही. जे डोळ्यांनी दिसले व मनास खरे वाटले ते त्यांनी लिहिले. पहिल्या आठवड्याच्या आकड्यावरून पुढले वाक्य ठरविणे त्यांच्या नशिबी असते, तर ते वाक्य त्यांचे राहिले नसते.

४. संतोष कसा झिजतो

माणूस आपली स्थिती इतरांशी ताडून पाहतो, हा त्याचा जुना स्वभाव आहे. लिऑन फेस्टिंगर ह्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली ह्याविषयी शास्त्रीय सिद्धान्त मांडिला. तेव्हा तुलना मोबाइलने निर्माण केली असे नव्हे. मग नवीन काय झाले?

पूर्वी तुलना शेजाऱ्याशी होत असे, आणि शेजाऱ्याचे सारेच दिसत असे. त्याच्या दारची नवी बैलजोडी दिसे, आणि सावकाराचा माणूसही त्याच दारात उभा दिसे. त्याच्या मुलीच्या लग्नाचा मांडव दिसे, आणि त्याच घरातील रात्रीचा खोकलाही ऐकू येई. म्हणून मत्सराबरोबर दयाही उपजे. पडद्यावर मात्र मांडव तेवढा दिसतो. खोकला ऐकू येत नाही. हजारो अनोळखी माणसांचे निवडून काढिलेले क्षण एका बाजूस, आणि आपला ओला-सुका सगळा दिवस दुसऱ्या बाजूस, अशी ही तुलना असते. अशा तराजूत आपले पारडे कधीच खाली यावयाचे नाही.

ह्याचा परिणाम नुसता मनापुरता राहत नाही. तो घराच्या हिशेबात उतरतो. लग्नापूर्वी वधूवरांचे चित्रीकरण, वाढदिवसास मोठा केक व डीजे, हळदीस एक पोशाख व लग्नास तीन, असे खर्च आता आपल्या खेड्यांतही शिरले आहेत. जेथे वर्षाची सारी आशा कपाशी व सोयाबीन ह्यांवर असते, आणि पावसाने दगा दिला तर कर्ज ठेविलेलेच असते, तेथे दोन मिनिटांच्या चित्रासाठी बापाने आणखी उसने काढावे, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. मुलगी हट्टी असते असे नाही. तिने पाहिलेल्या प्रत्येक लग्नात ते असते, म्हणून तिला ते लग्नाचाच भाग वाटते. बापास 'नाही' म्हणताना लाज वाटते, आणि मुलीस 'नको' म्हणताना भय वाटते की मैत्रिणी काय म्हणतील. दोघेही मनातून नाखूश असता खर्च मात्र होतो. येथे स्वत्वाची व संतोषाची हानी एकाच व्यवहारात झाली, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

ह्या बाबतीत मोजून पाहिलेला पुरावाही आहे. सन २०१८ मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी लोकांस मोबदला देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवावयास लाविले. त्या लोकांचा दररोज सुमारे एक तास मोकळा झाला. घरच्या माणसांत व मित्रांत त्यांचा वेळ अधिक गेला, आणि त्यांचे समाधान वाढले. ही वाढ लहान होती, हे सांगणे सत्यास धरून होईल. आणि त्यांस बातम्यांची माहितीही कमी राहिली. तसेच मेटा कंपनीच्या आतल्या चौकशीचे कागद फ्रान्सिस हॉगन ह्या बाईंनी बाहेर काढिले व ते २०२१ साली प्रसिद्ध झाले. स्वतःच्या शरीराविषयी मन आधीच खिन्न असता इन्स्टाग्रामने ते अधिक खिन्न होते, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची नोंद त्यांत होती. म्हणजे ही गोष्ट दुकानदारास ठाऊक होती.

५. जिल्ह्याच्या दोन चित्रांचा बोध

सन २०२० च्या जून महिन्यात लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. त्याचे फोटो जगभर फिरले. ज्यांनी लोणारचे नाव कधी ऐकिले नव्हते त्यांनीही ते पाहिले. तपासणीअंती कळले की पाणी आटून क्षार वाढल्यामुळे क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची वाढ झाली, व त्यांच्यातील रंगद्रव्याने पाण्यास तो रंग आला. पुढे पावसाचे पाणी मिसळले व रंग उतरला. रंग उतरताच जगाचे डोळेही दुसरीकडे वळले. परंतु उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर, काठावरील गोड्या पाण्याची धार व गावातील दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिर ही आधी होती तशीच पुढेही राहिली. सरोवराने आकड्याची वाट पाहिली नाही, हे त्याचे भाग्य. मनुष्य मात्र एका दिवसाच्या गुलाबी रंगास आपले खरे रूप समजतो, आणि रंग उतरला की आपण कोणीच नाही असे मानून झुरतो.

दुसरे चित्र दुःखाचे आहे. सन २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांत अनेक स्त्रीपुरुषांचे व मुलांचे केस अचानक गळू लागल्याची बातमी आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक चौकशीस आले. डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी गव्हातील सेलेनियम ह्या द्रव्याकडे बोट दाखविले. हे सर्व योग्यच झाले. बातमी झाली नसती तर तपासही लांबला असता. परंतु त्याबरोबर 'टक्कल व्हायरस' असे चटकदार नाव निघाले, आणि पीडितांच्या उघड्या डोक्यांची चित्रे मोबाइलमोबाइलवर फिरली. कष्टाळू, पोराबाळांची, सणावारांची गावे क्षणात 'टकलांची गावे' झाली. व्यक्तीप्रमाणे गावासही स्वत्व असते. आणि ज्याने ते चित्र हसून पुढे धाडिले त्याने ते हिरावण्यास हातभार लाविला. आपल्या अंगठ्याच्या एका हालचालीने कोणाच्या मुलीचे स्थळ मोडेल काय, हा विचार त्या वेळी किती जणांच्या मनात आला असेल?

६. दुसरी बाजू

न्यायाने बोलावयाचे तर ह्या साधनाचे उपकारही आहेत. बाजारभाव, हवामान, पिकांवरील किडीचे उपाय, दूर गेलेल्या मुलाचा चेहरा, हे सर्व त्यानेच घरी आणिले. पुण्यामुंबईच्या मोठ्या लोकांच्या परवानगीवाचून खेड्यातील मुलाचा गुण जगापुढे येऊ लागला. बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण हा गरीब घरचा तरुण टिकटॉकमुळे लोकांस माहीत झाला, व २०२४ साली 'बिग बॉस मराठी'चा विजेता ठरला. ज्याच्याकडे आजवर कोणी पाहिलेच नाही, त्यास कोणी पाहिले म्हणून आनंद झाला, तर त्यात दोष काय? दिसावे, ओळखले जावे, ही भूक खरी आहे. आमचे म्हणणे इतकेच की आकडा ती भूक भागवीत नाही, वाढवितो. ओळखणारा एक मनुष्य आणि पाहून पुढे जाणारे दहा हजार, ह्यांत भूक भागविणारा पहिला होय.

७. काय करावे?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. सरपंच विजय मोहिते ह्यांच्या पुढाकाराने तेथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास एक ठराव झाला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजावा, आणि साडेआठपर्यंत गावातील मोबाइल व टीव्ही बंद राहावेत. मुलांनी अभ्यास करावा, वडील माणसांनी वाचावे, बोलावे. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या बांसी गावाने अठरा वर्षांखालील मुलांस मोबाइलची बंदी ठरविली. ऑस्ट्रेलिया देशाने तर कायदा करून १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस अशा सेवांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे.

ह्यांपैकी वडगावची रीत आम्हांस विशेष मननीय वाटते. एकट्या मुलाने मोबाइल बाजूस ठेविला तर तो सवंगड्यांत एकटा पडतो; साऱ्या गावाने एकदम ठेविला तर सवंगडी परत मिळतात. स्वत्व राखणे हे एकट्याचे काम आहे असे लोक समजतात. परंतु वेगळे होण्याचे धैर्य येण्यासही ओळखीच्या माणसांची सोबत लागते. शिवाय तेथे मोबाइल मोठ्यांचाही बंद होतो, केवळ पोरांचा नव्हे. बाप पडद्यात व उपदेश मुलास, अशाने काही साधत नाही.

ह्या उदाहरणावरून आम्ही चार साध्या गोष्टी सुचवितो.

पहिली: घरात, आणि जमल्यास वाडीत, दररोज एक ठरलेला तास सर्वांनी मिळून पाळावा.

दुसरी: प्रत्येकाने आठवड्यातून एक तरी चांगले काम असे करावे की ज्याचा फोटो निघणार नाही. आजाऱ्यास भेटावे, शेजारणीचे पाणी भरावे, ओवी म्हणावी. न दाखविलेल्या कामाचा आनंद कोणी मोजीत नाही, म्हणून तो कमीही होत नाही.

तिसरी: आपल्या कामाची परीक्षा जाणत्याकडून करावी. खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील चांदीचा कस दुकानापुढे जमलेल्या गर्दीने ठरत नाही. ज्याला कस कळतो तो सोनार सांगतो. गाणे, चित्र, शेती, शिवण, जे काही असेल ते एका जाणत्या माणसास दाखवावे व त्याचे ऐकावे.

चौथी: दुसऱ्याच्या दुःखाचे चित्र काढण्यापूर्वी व पुढे धाडण्यापूर्वी त्याच्या जागी आपली बहीण किंवा आई उभी करून पाहावी.

संतोष हा जन्मतः कोणास मिळत नाही. तो शिकावा लागतो. प्रेषित पौलानेही बंदिवासातून फिलिप्पै येथील मंडळीस लिहिताना आपण तो शिकलो असेच सांगितले आहे. जी गोष्ट शिकावयाची तिला वेळ लागतो, शांतता लागते व सराव लागतो. आणि नेमक्या ह्याच तीन गोष्टी न संपणारे पान आपल्यापासून घेत असते. म्हणून तो वेळ आपण आधी परत मिळविला पाहिजे.

विचारासाठी प्रश्न

१. गेल्या आठवड्यात आपण पाहिलेल्या चित्रांपैकी किती आठवतात? त्याच आठवड्यातील घरची किती बोलणी आठवतात?

२. आपल्या घरच्या मागील लग्नात वा वाढदिवसात कोणता खर्च आपल्या आनंदासाठी झाला, व कोणता परक्यांच्या डोळ्यांसाठी?

३. आकडा दिसत नसता तर आपण काय गायिले असते, काय लिहिले असते, काय नेसले असते?

४. आपल्या गावात सायंकाळचा एक तास बंद ठेवावयाचा झाल्यास तो कोणता असावा, भोंगा कोणी वाजवावा, आणि प्रथम कोणत्या घराने आरंभ करावा?